आज हिवरे बाजार बघून आलो
नगरजवळचं हिवरे बाजार गाव आज एकदाचं बघितलं. पाऊस तिथंबी आपल्यासारखाच कमी, पण दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसांना-जनावरांना लागणारं बाजूला काढायचं, मग उरलं त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद! मी गप्पच झालो, कारण आम्ही पडलो लातूरकर, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन टँकरच्या लाईनीत उभे होतो अन् तरी गावाकडं भावानं परत ऊसच लावलाय. तिथूनच त्याला फोन लावला तर म्हणतो, "तूर लावतो दादा, भाव तू देतो का?" काय बोलणार, चहा पिलो अन् गाडीत बसलो.