तुम्ही विचारलंत म्हणून: तू नसताना मांजरांचं कोण बघतं?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी येतो. मस्कतहून सुट्टीवर निघाले की बिल्डिंगमधले विचारतात, सुट्टी संपवून गावाहून निघाले की गावातले, आणि दोन्हीकडच्या सुरात थोडंसं 'आता बघू काय करतेस' असतंच. आत्ता गणपतीला गावी आलेय तर आरतीला येणारी प्रत्येक दुसरी बाई प्रसाद हातात घेता घेता तेच विचारते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मी ओमानमध्ये मस्कतला एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते आणि माझं गाव हर्णै बंदरापासून जवळ आहे. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे मासळीचा बाजार आणि त्यामुळे दोन्हीकडे भरपूर मांजरं. मस्कतला मत्राच्या मासळीबाजारातून कॉर्निशवर चालत गेलात तर माणसं कमी आणि मांजरं जास्त अशी वेळ येते. ती कोणाचीच नसतात आणि सगळ्यांची असतात. मुसलमान घरात मांजर अशुद्ध मानत नाहीत, त्यामुळे दुकानदार सहज बाजूला होऊन त्याला जायला वाट देतो. आमच्याकडे आडवं गेलं की अजून लोक दोन पावलं मागे येतात, ते असो.

तर उत्तर एका वाक्यात: दुसरं कोणीतरी बघतं, आणि ते कोणीतरी मी निघायच्या आदल्या रात्री शोधत नाही, पहिल्यांदा वाटी ठेवते तेव्हाच शोधते. कोणी सापडलं नाही तर वाटी ठेवतच नाही. ऐकायला कठोर वाटतं, मला माहितीये. पण आखातात राहणाऱ्या माणसाचं सगळं व्हिसावर असतं, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि मग लोक काही आठवड्यांत सामान विकून, भांडी वाटून घरी. मांजर कोणी विकत घेत नाही. ते पार्किंगमध्ये सोडतात. गळ्यात पट्टा असलेलं, गादीवर झोपलेलं मांजर एकदम गाड्यांखाली येतं, त्याला ना कुठे लपायचं कळतं ना कचऱ्याच्या डब्यावरच्या बोक्यांशी भांडता येतं. रस्त्यावर जन्मलेलं तगतं, हे नाही तगत. हे इतक्यांदा बघितलं की माझा एक नियमच झाला, मांजर माझं नाही. मी त्याला बघणाऱ्या माणसांपैकी एक, बस्स.

दुसरं म्हणजे लोकांना वाटतं बघणं म्हणजे खायला घालणं. खायला घालणं हा सगळ्यात सोपा भाग आहे आणि नुसता तेवढाच केला तर नुकसानच होतं. भाटी, म्हणजे मादी मांजर, चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, ६३ ते ६५ दिवसांत विते, आणि आधीची पिल्लं अंगावर पीत असताना परत गाभण राहू शकते. म्हणजे तुम्ही प्रेमाने एका भाटीला पोटभर घातलंत की वर्षभरात तुमच्या दारात एवढी तोंडं होणार की शेवटी तुमचाच शेजारी पोतं घेऊन येणार. म्हणून नसबंदीचं ऑपरेशन आधी, जेवण नंतर. जाळीचा पिंजरा लावायचा, आत वास येणारं काहीतरी ठेवायचं, सुरमईचं डोकं किंवा ट्यूना, दार पडलं की लगेच वरून चादर टाकायची, अंधार झाला की मांजर शांत होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून खाणं बंद. बेशुद्ध असतानाच डावा कान टोकाला सरळ कापतात, म्हणजे पुढच्या वेळी लांबूनच कळतं की हिचं झालंय, परत पकडून बिचारीला त्रास द्यायला नको. रेबीजचं आणि ट्रायकॅटचं (मांजरांच्या तीन रोगांवरची लस) इंजेक्शन त्याच खेपेत. आणि मग तिथेच नेऊन सोडायचं जिथून उचललं. 'परत का आणलं' म्हणून भांडायला येतात लोक, पण त्या जागेवर खायला मिळतं म्हणूनच तर मांजरं असतात, ही काढलीत तर बाजूच्या गल्लीतली येतील आणि ती ऑपरेशन न झालेली असतील.

मस्कतची आमची सिस्टीम अशी आहे. बिल्डिंगचा वॉचमन, दुसऱ्या मजल्यावरच्या ओमानी आजी आणि मंडणगडकडचे एक ड्रायव्हर चाचा, हे तिघं आणि मी. कोणीही एक सुट्टीवर गेलं तरी तिघं उरतात. उन्हाळ्यात तिथे पारा ४५च्या वर जातो, जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला माणसांनासुद्धा कायद्याने बंदी असते, तेव्हा मांजराला दुपारी जेवण नको असतं, पाणी हवं असतं. एसीच्या बाहेरच्या युनिटमधून पाणी ठिबकतं तिथे सगळी गोळा होतात, आम्ही तिथेच मातीची भांडी ठेवलीत, प्लास्टिकमधलं पाणी तापतं. जेवण मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलायच्या म्हणजे उचलायच्या. जो माणूस उरलेली बिर्याणी कागदावर ओतून निघून जातो ना, तो मांजरांचा सगळ्यात मोठा शत्रू आहे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्यावर झुरळं येतात, वास येतो, मग मॅनेजमेंटकडे तक्रार जाते आणि निस्तरायला लागतं ते मांजरांना. आणि हो, थंडीत गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर थाप मारायची, इंजिनच्या उबेला आत बसलेली असतात. चाचा तर आता कोणाचीही गाडी दिसली की थाप मारतात, गाडीमालक दचकतात.

आता गावाकडचं. इकडे अवघड जास्त आहे, कारण इकडे सगळ्यांना वाटतं की मांजराचं बघायला काय लागतं. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं, त्यामुळे मारत कोणी नाही. पिल्लं पोत्यात घालतात आणि बंदरावर सोडून येतात. 'तिथे मासळी मिळते, उपाशी नाही मरायची.' खरंच मिळते, लिलावाच्या वेळी हर्णैला खाली पडलेली मांदेली आणि ढोमे खाऊन ही मांजरं टम्म फुगलेली असतात. पण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, लिलाव नाही, वरून असा पाऊस की कुत्रंही बाहेर पडत नाही. एप्रिल-मे मध्ये सोडलेली पिल्लं नेमकी तेव्हा दोन-तीन महिन्यांची असतात. नारळी पौर्णिमेला होड्या परत पाण्यात जातात तेव्हा त्यातली कितीशी दिसतात ते जाऊन बघा, मी सांगत नाही.

म्हणून आमच्याकडची खरी लढाई त्या दोन महिन्यांची आहे आणि ती मी लढत नाही, शेजारच्या काकी लढतात. बंदरावरची आठ-दहा आणि आमच्या वाडीतली वेगळी. मी मस्कतहून ड्राय फूडचं पोतं पाठवायची व्यवस्था केली होती तर काकी म्हणाल्या, "अगं बाय, या हवेत पापड टिकत नाहीत, तुझे ते दाणे टिकणार?" आणि बरोबर होतं त्यांचं, पावसाळ्यात उघडं पोतं चार दिवसांत बुरशी धरतं आणि बुरशी धरलेलं मांजराला घालायचं नाही, यकृतावर जातं. आता लहान पाकिटं, पत्र्याच्या घट्ट डब्यात. ताटली पाण्याच्या परातीत ठेवायची म्हणजे मुंग्या चढत नाहीत, ही काकींचीच आयडिया, मस्कतच्या आजींनीही उचलली.

भातात थोडी उकडलेली मासळी कालवून घातली तर चालतं, पण नुसता डाळभात नाही. मांजराला टॉरिन लागतं, ते त्याच्या अंगात पुरेसं तयार होत नाही, मांस-मासळीतूनच मिळतं, कमी पडलं तर डोळे आणि हृदय जातं. म्हणून कुत्र्याचं स्वस्त खाणंही मांजराला रोज चालत नाही. दूध तर नकोच, बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, ढाळ लागतात, पावसात ढाळ लागलेलं पिल्लू दोन दिवसांत सुकतं. मासा कच्चा रोज नको, काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं काहीतरी असतं, उकडलं की जातं. आणि एक हात जोडून सांगते, मांजर मलूल दिसलं म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. अर्धी गोळीसुद्धा नको. माणसाचं यकृत ते औषध निकामी करतं तसं मांजराच्या यकृताला जमत नाही, रक्तातून ऑक्सिजन पोचायचा बंद होतो आणि मांजर जातं. चांगल्या मनाने देतात लोक, म्हणून तर जास्त भीती.

बोचकारलं किंवा चावलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची, 'आपलंच आहे गं ते' करत हळद लावून बसायचं नाही. काकी पहिल्यांदा हळदच घेऊन आल्या होत्या, मग त्यांचा नातू त्यांना बाईकवर घालून घेऊन गेला.

चाकरमान्यांना (मी पण त्यातलीच, फक्त जरा लांबची) याबद्दल एक बोलायचंय. मे महिन्यात घर उघडतं, पडवीत भाटीने पिल्लं घातलेली असतात, मुलं खूश, कोणी दूध घालतं कोणी आमरस दाखवतं, नावं ठेवतात, रील काढतात, आणि पावसाच्या तोंडावर दाराला कुलूप. गणपतीला परत तेच. पिल्लू महिनाभर माणसाच्या हाताला सवयलं आणि मग हात गेला. मस्कतच्या पार्किंगमध्ये पट्टा असलेलं मांजर आणि आमच्या वाडीतलं बंद पडवीसमोर ओरडणारं पिल्लू, यात मला काही फरक दिसत नाही. मांडीवर घेऊ नका असं नाही म्हणत. पण जायच्या आधी वाडीत जो बारा महिने राहतो त्याच्याशी बोला, भाटीच्या ऑपरेशनचा खर्च द्या. तालुक्याला सरकारी डॉक्टर आहेत पण त्यांचा दिवस गाई-म्हशींतच जातो, मांजरीच्या ऑपरेशनला गाडी करून शहरात न्यावं लागतं, तो गाडीखर्चच लोकांना जड जातो. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम तरी देशात २००१ पासून आहेत, २०२३ मध्ये नवे आले, मांजरासाठी आमच्या वाडीपर्यंत अजून कोणी आलेलं मी पाहिलेलं नाही. तेव्हा आपणच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी मस्कतला अडकलेली, विमानं बंद. दापोली-मंडणगडकडे किती दिवस लाईट नव्हती, फोन नव्हते, तुम्हाला आठवत असेल. पहिला फोन लागला तेव्हा काकींच्या घराची अर्धी कौलं उडालेली होती, नारळ-सुपारी आडवी झालेली, आणि काकी सांगत होत्या की गोठ्याच्या माळ्यावर पेंढ्यात सगळी सुखरूप आहेत, धामण पण तिथेच येऊन बसली होती, कोणी कोणाला काही केलं नाही. मी काय करणार होते तिकडून? पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये शाहीन वादळ ओमानला धडकलं तेव्हा मी होते, जिन्यात खोकी लावली, पण मी नसते तरी आजी आणि चाचांनी लावलीच असती.

पैशाचं पण विचारतात. ऑपरेशन, इंजेक्शन, गाडी याचे पाठवते. जेवणाचे पाठवायला गेले तर काकी भडकल्या, "मांजराच्या जेवणाचे पैसे घेऊ? उद्या माझ्या चहाचे देशील." तो विषय संपला.

आणि 'तिकडची आवडती इकडे घेऊन ये ना' म्हणणाऱ्यांसाठी: मायक्रोचिप, रेबीजची लस, हेल्थ सर्टिफिकेट, क्वारंटाईन खात्याची परवानगी, हे सगळं करून आणता येतं, लोक आणतात. घरातलं मांजर असेल तर जरूर आणा, पार्किंगमध्ये सोडण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. पण मत्राच्या गल्लीत वाढलेली, सगळे बोके आणि दुकानदार ओळखणारी भाटी मी उचलून इथे आणू, जिथे रात्री बिबट्या कुत्री उचलतो? तिला तिथे जेवायला घालणारी तीन माणसं आहेत. माझ्या करमणुकीसाठी कशाला.

या खेपेला निघताना काम एकच राहिलंय. वाडीत एक नवा पिवळा बोका आलाय, गालफडं ही एवढी, रोज मारामाऱ्या करतो. दिवाळीनंतर काकींचा नातू त्याला पकडून शहरात नेणार असं ठरलंय, डॉक्टरांशी बोलून झालंय, पैसे देऊन झालेत. अडचण एवढीच आहे की पिंजऱ्यात काकींनी नारळ भरून ठेवलेत, आणि ते काढा म्हटलं की म्हणतात बोका आधी येऊ दे तर खरा.