वेर्ण्याच्या औषध कारखान्यात तपासणीचा कॅमेरा बसवायला जाताना

ब्लिस्टर पॅकिंग लाइनवर गोळ्या तपासणारा कॅमेरा बसवायचं काम घेऊन कोल्हापूरहून आम्ही दोघं गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत गेलो होतो. या लाइनवर प्लॅस्टिकच्या फिल्ममध्ये आधी खळगे उठतात, त्यांत गोळ्या पडतात आणि मग वरून ॲल्युमिनियमची फॉइल चिकटते. कॅमेरा फॉइलच्या आधी बसतो. रिकामा खळगा, तुटकी गोळी, भलत्याच रंगाची गोळी त्याला तिथेच दिसायला हवी. शिफ्टभर चालत्या फिल्मकडे बघून माणसाचा डोळा थकतो, आणि सुटलेली पट्टी शेवटी कुणा पेशंटच्या हातात पडते. म्हणून या कामात घाई नको, असं मी प्रत्येक ग्राहकाला आधीच सांगतो.

सामान असेल तर गाडीनेच जा. आंबोली घाट, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी, मग हायवेने म्हापसा, पणजी आणि झुआरीचा नवा पूल ओलांडून कुठ्ठाळीवरून वेर्णा. पर्वरी-पणजीचा पट्टा सकाळी ऑफिसच्या वेळेत लागू देऊ नका. विमानाने येणाऱ्यांनी दाबोळीचं तिकीट बघावं. मोपा पार पेडण्यात आहे, तिथून वेर्ण्याला यायचं म्हणजे अर्धा गोवा ओलांडावा लागतो. मुक्काम मडगावला बरा पडतो.

खरी तयारी गेटसाठी लागते. लॅपटॉप, कॅमेरे, लेन्सा यांची सिरियल नंबरसकट यादी दोन-तीन दिवस आधी पाठवा, म्हणजे परत नेण्याचा गेटपास तयार राहतो. आत मोबाइल नाही. पॅकिंगच्या खोलीत पुठ्ठा आणि लाकूडही चालत नाही, तेव्हा सामान प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये भरा. गोव्याच्या दमट हवेचा वेगळा त्रास आहे: एसी गाडीतून काढलेली लेन्स बाहेर उघडली की तिच्यावर लगेच दव धरतं. बॅग बंदच ठेवा, बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा.

आता प्रकाशाबद्दल. माझं स्पष्ट मत आहे की या कामाचा निकाल कॅमेऱ्यापेक्षा दिव्यावर लागतो. फिल्म पारदर्शक असेल तर खालून बॅकलाइट द्या, गोळीची कड स्वच्छ दिसते. पांढरी गोळी पांढऱ्या फिल्ममध्ये असेल तर वरचा दिवा निरुपयोगी. बाजूने, अगदी खालच्या कोनातून प्रकाश टाकला की गोळीची सावली पडते आणि ती उठून दिसते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या पट्टीत खळग्याची चकाकी गोळीला गिळून टाकते, तिथे डोम लाइट, म्हणजे घुमटासारखा सगळीकडून मऊ प्रकाश टाकणारा दिवा, लागतो. आम्ही तिन्ही दिवे सोबत नेले होते आणि तिन्ही वापरून बघितले. एकच दिवा घेऊन जाऊ नका. खोलीतल्या ट्यूबलाइट आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं आवरणही हवंच.

हिशोब घरूनच करून जा. फिल्मची रुंदी २४० मिमी आणि कॅमेऱ्याचे आडवे पिक्सेल २४४८ असले तर एक पिक्सेल साधारण ०.१ मिमीचा. म्हणजे गोळीचा ०.५ मिमीचा टवका पाच पिक्सेलमध्ये बसतो. एवढं पुरतं, तीनच्या खाली गेलं तर भरवसा धरू नका. फिल्म सेकंदाला २०० मिमी धावत असेल आणि एक्स्पोजर, म्हणजे चित्र टिपायचा वेळ, एक मिलिसेकंद ठेवलं, तर चित्र दोन पिक्सेल फरफटतं. ते पाव मिलिसेकंदावर आणलं की फरफट अर्ध्या पिक्सेलवर येते, पण मग दिवा तितकाच जोरदार लागतो. शटर ग्लोबलच हवं, म्हणजे सगळं चित्र एकाच क्षणी टिपणारं. कंट्रोल पॅनेल कॅमेऱ्यापासून दूर असेल तर गिगाबिट इथरनेटचा कॅमेरा घ्या, त्याची केबल १०० मीटरपर्यंत चालते; यूएसबीची काही मीटरवरच दम तोडते.

एक गोष्ट आम्हाला लाइनवरच्या ताईंकडून कळली. त्या सत्तरी तालुक्यातल्या, बरीच वर्षं याच मशीनवर. मधूनच चांगल्या पट्ट्याही बाद व्हायला लागल्या, तेव्हा आम्ही सेटिंग चाळत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "दादा, सेटिंगाक हात लावू नका. फिल्मचा रोल बदलला की असंच होतं." रोल पाहिले, तर दोन लॉटच्या फिल्मची चमक खरंच वेगळी होती. तेव्हापासून नमुने गोळा करताना वेगवेगळ्या लॉटच्या फिल्मवरच्या चांगल्या पट्ट्या मागून घेणं मी सक्तीचं केलं आहे. ऑपरेटरशी बोलायला पहिल्याच दिवशी अर्धा तास काढा.

कॅमेऱ्याने खोट पकडली म्हणजे पट्टी बाजूला पडली असं नाही. खोट दिसते एका जागी आणि पट्टी कापून बाहेर पडते कितीतरी स्टेप पुढे. मधली मोजणी एका स्टेपने चुकली तर चांगली पट्टी बाद होते आणि खराब पट्टी डब्यात जाते. म्हणून बाद पट्ट्या बाहेर टाकणाऱ्या रिजेक्टच्या तोंडाशी सेन्सर लावा. बाद पट्टी तिथे पोचली नाही तर लाइन थांबलीच पाहिजे. प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम बिघडवलेल्या पट्ट्या सोडून याची खात्री करतात. तो नमुन्यांचा संच क्यूएच्या, म्हणजे गुणवत्ता विभागाच्या, सहीनिशी त्यांच्याच ताब्यात द्या.

डीप लर्निंगबद्दल, म्हणजे नमुने दाखवून शिकवलेल्या सॉफ्टवेअरबद्दल, तिथे बरेच जण विचारतात. गोळी आहे का, अख्खी आहे का, रंग बरोबर आहे का, याला साधे नियम पुरतात आणि ऑडिटमध्ये समजावणंही सोपं जातं. डागाळलेल्या, ठिपक्यांच्या गोळ्यांसाठी शिकवलेलं मॉडेल कामाला येतं, पण ते एकदा प्रमाणित केलं की गोठवायचं. लाइनवर आपोआप शिकत राहणारं मॉडेल औषधाच्या कारखान्यात नको.

तारखा ठरवताना चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, बघा. त्या दिवसांत डिचोली, पेडणे, सत्तरीची माणसं घरी जातात, लाइन कमी माणसांवर चालते आणि ट्रायलला हवी ती शिफ्ट मिळत नाही. ३ डिसेंबर आणि १९ डिसेंबर या सुट्ट्या, आणि वर्षअखेरीला हॉटेलचे दर चढतात. एक जादा केबल, एक दिवा आणि कॅमेऱ्याला चित्र टिपायचा इशारा देणारा ट्रिगरचा सेन्सर सोबत असू द्या. नाहीतर सुटा भाग पुण्याहून किंवा बेंगळुरूहून येईपर्यंत लाइन तुमच्यासाठी थांबत नाही, तुमचा कॅमेरा उतरवून ठेवतात.