आवाज फाटावा म्हणून

घरातला स्पीकर फाटू लागला की तो दुरुस्तीला जातो. गिटारवाल्याचं उलट. आवाज कुठे फाटतो आणि कसा फाटतो, हे ऐकूनच तो पैसे मोजतो. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ, जोर दिला की कडेने चिरत जाणारा, आणि गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरवला की पुन्हा शहाण्यासारखा वागणारा आवाज. ट्यूब अ‍ॅम्पचं वजन, उष्णता आणि किंमत सोसायची ती एवढ्यासाठी. ट्यूब म्हणजे आवाज मोठा करणारी काचेची नळी, तिलाच व्हॉल्व्हही म्हणतात.

तरी दुकानात पहिला प्रश्न निघतो तो ‘किती वॅट?’ वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा, डिलक्स रिव्हर्ब २२ चा. आकडा जवळजवळ चौपट, पण स्पीकरचा हिशोब बाजूला ठेवला तर फरक ६ डेसिबलच्या आतबाहेर. ट्विन फाटेपर्यंत बाकीचा बँड घरी गेलेला असतो. डिलक्स मात्र व्हॉल्यूम चार-पाचवर आला की घोगरा व्हायला लागतो, आणि ड्रमरच्या बरोबरीला येतो तोही साधारण तिथेच. गिग आणि स्टुडिओ मिळून एकच अ‍ॅम्प घ्यायचा असेल तर १५ ते २२ वॅट आणि एक बारा इंची स्पीकर, यापलीकडे सहसा जाऊ नये. मैदानावर साउंडवाला माइक लावतोच. अपवाद त्यांचा, ज्यांना रात्रभर स्वच्छ ऱ्हिदम वाजवायची आहे किंवा फाटणं पायाखालच्या पेडलवर सोपवायचं आहे. त्यांना ४० वॅटही जास्त नाहीत.

व्हॉक्सच्या एसी ३० चा मोह सगळ्यांना होतो. ईएल ८४ जातीच्या चार व्हॉल्व्ह, दोन स्पीकर, आणि वरच्या पट्टीत काचेसारखी चमक. पण वजन ३० किलोच्या वर. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सराव असेल, तर ती चमक दुसऱ्या जिन्यातच उतरते.

स्पीकरकडे मात्र कुणी बघत नाही. सेलेस्टिअनचा ग्रीनबॅक एका वॅटला ९८ डेसिबल देतो, व्हिंटेज ३० देतो १००. हे दोन डेसिबल म्हणजे दीडपटीहून जास्त वॅट फुकटात. अ‍ॅम्प कमी पडतोय असं वाटलं तर आधी स्पीकर बदलावा. उलट अ‍ॅम्प फार लवकर फाटत असेल तर इनपुटजवळची १२एएक्स७ ही छोटी व्हॉल्व्ह काढून तिथे ५७५१ बसवावी. पहिलीचा गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याची पट, १००, दुसरीचा ७०. पाच मिनिटांचं काम, पण व्हॉल्व्ह गार झाल्यावर.

स्टुडिओत अ‍ॅटेन्युएटर लागतोच, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज कापणारं यंत्र. आठ-दहा डेसिबल कापले तर चालतं. त्याहून जास्त कापलं की स्पीकर हलायचाच थांबतो आणि आवाज डब्यात बसतो. आणि आवाज कमी झाला म्हणून व्हॉल्व्हला विश्रांती मिळत नाही, त्या पूर्ण ताकदीनेच झिजत असतात. माइक एसएम ५७, जाळीपासून दोन बोटं, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेवर. आत सरकवला की टोचतो, बाहेर सरकवला की मऊ पडतो. सेंटिमीटरभर इकडेतिकडे करण्याने जे होतं ते नंतर इक्वलायझरने होत नाही. हेड, म्हणजे स्पीकरपासून वेगळा असलेला अ‍ॅम्प, बाहेरच्या खोलीत ठेवणार असाल तर वायर स्पीकरचीच हवी. गिटारची केबल लावू नका. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. व्हॉल्व्हपेक्षा तो कितीतरी महाग.

जुना अ‍ॅम्प बघायला जाताना खिशात एक पेन्सिल ठेवावी. अ‍ॅम्प सुरू करा, दहा मिनिटं तापू द्या, व्हॉल्यूम अर्ध्यावर आणा आणि मागून प्रत्येक छोट्या व्हॉल्व्हला पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच टिचकी मारा. बारीक टकटक चालते. घंटेसारखी गुंजली तर ती व्हॉल्व्ह गेली. मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका. आतला राखाडी पत्रा लालबुंद झाला तर ताबडतोब बंद करा, बायस, म्हणजे व्हॉल्व्हला बेतात ठेवणारा व्होल्टेज, बिघडलाय. गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही जाड घूं येत असेल तर वीज सपाट करणारे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. बदलून मिळतात, पण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्यात चारेकशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

अमेरिकेतून कुणी भाचा १२० व्होल्टचा अ‍ॅम्प घेऊन आला असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. निदान ३०० वॅटचा, आणि तीन पिनांचा. स्वस्तातल्या डब्याला दोनच पिना असतात, अर्थिंग तिथेच तुटतं. मग गाताना तारांवर हात आणि माइकला ओठ लागला की झटका.

गणपतीच्या मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर मीटर लावून बघावं. २३० च्या जागी १९० व्होल्ट आले तर व्हॉल्व्ह तापवणारं ६.३ व्होल्टचं फिलामेंट ५.२ वर चालतं. अ‍ॅम्प बंद पडत नाही, नुसता मलूल वाजतो, आणि गिटारवाला रात्रभर पेडल बदलत बसतो.