तुम्ही विचारलंत म्हणून : महागाई उतरली, मग भाव का नाही उतरले?

मी सांगलीत कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवते, आणि हे एकदा गल्लीत कळलं की मग सुटका नाही. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या लायनीत, मंडईत, कुठंही धरतात आणि प्रश्न फिरून फिरून तोच. "ओ मॅडम, टीव्हीवर सांगत्यात महागाई कमी झाली म्हणून, मग भाव का कमी हुईनात?" सूर असा की आकडा जणू मीच घरी बसून काढलाय. उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही आणि पिशवी हातात घेतलेल्या माणसाला लेक्चर देणं बरं दिसत नाही, म्हणून एकदाचं इथे सविस्तर लिहिते.

खरं तर सांगलीकराला हे समजावणं सगळ्यात सोपं. जुलै-ऑगस्टात आपण सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पुराचं पाणी किती फूट झालं, त्या आकड्यावर जगतो. इशारा ४० ला, धोका ४५ ला, २०१९ ला ५७ च्याही वर गेलेलं. आता समजा रात्री व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, की पाणी तासाला फूटभर चढत होतं ते आता तासाला इंचभर चढतंय. कोण म्हणेल पाणी उतरलं? माळ्यावर टाकलेलं सामान कोणी खाली काढत नाही. चढायचा वेग कमी झाला, बास. महागाईचा दर म्हणजे हा वेग, आणि बाजारातले भाव म्हणजे पुलावरचे फूट. दर ६ वरून २ वर आला म्हणजे भाव अजून चढतायत, फक्त हळू.

एवढं सांगितलं की निम्मे लोक "हां हां" करून जातात. उरलेले निम्मे हुशार असतात, ते म्हणतात मग ऑक्टोबर २०२५ चं काय? त्या महिन्यात किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आला होता, पाव टक्का, २०१२ हे आधारवर्ष (म्हणजे त्या सालचे भाव १०० धरून) मोजलेली सरकारी आकड्यांची ती मालिका सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात कमी. पाव टक्का म्हणजे पाणी जवळजवळ थांबलंच की, मग आमचा खर्च का थांबला नाही? प्रश्न बरोबर आहे आणि इथं जरा थांबायला लागतं.

महागाईचा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये काय होतं आठवा, भाज्या वर्षभरात ४२ टक्क्यांनी महागल्या होत्या, एकूण दर ६.२१ टक्के होता. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच भाज्या साधारण २७ टक्क्यांनी उतरल्या. हिशोब करून बघा, १०० ची भाजी आधी १४२ झाली, आणि १४२ मधून २७ टक्के गेले की १०३-१०४ उरतात. म्हणजे दोन वर्षांपूर्वी जिथं होती तिथंच आली भाजी, पण पेपरात हेडिंग आलं की भाज्या २७ टक्क्यांनी स्वस्त. हेडिंग खोटं नव्हतं आणि तुमची पिशवीही खोटी नव्हती. त्यात सप्टेंबरच्या २२ तारखेला बऱ्याच वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला होता, त्याचाही हातभार लागला. पण त्याच वर्षी सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेलं, आणि ज्यांच्या घरात लग्न होतं त्यांना पाव टक्का सांगायची माझी तरी हिंमत नव्हती.

दुसरं म्हणजे सरकार ज्या वस्तूंची यादी धरून महागाई मोजतं ती सरकारी पिशवी आणि तुमची पिशवी एक नाही. त्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन, म्हणजे खर्चातला वाटा, जवळपास ४६ टक्के होतं, देशभरची सरासरी. विश्रामबागला राहणाऱ्या, दोन पोरांच्या क्लासची फी भरणाऱ्या आणि औषधांवर महिन्याला चार हजार घालवणाऱ्या घरात खाण्यावर काही ४६ टक्के जात नाहीत. भाजी उतरली तरी त्यांचं काय उतरणार? आणि माळबंगल्याच्या बाजूला रोजंदारीवर जगणाऱ्या घरात खाण्यावरच साठ-सत्तर टक्के जातात, त्यांना भाजीतला प्रत्येक चढउतार तिथल्या तिथं लागतो.

आता मूळ प्रश्न. काही भाव उतरतात हे खरंय, टोमॅटो, कांदा, कोथिंबीर हे रोज वरखाली होतात. हळदीचं तर विचारूच नका, आपल्या मार्केट यार्डात एका वर्षी शेतकरी जीप घ्यायच्या गोष्टी करतो आणि दोन वर्षांनी तोच हळद घरात ठेवून भावाची वाट बघत बसतो. पण मिसळीच्या हॉटेलातल्या बोर्डावरचा आकडा कधी खाली आलेला बघितलाय? केस कापायचे ऐंशीचे शंभर झाले, आता शंभराचे नव्वद होतील का? क्लासची फी? घरभाडं? हे भाव चिकट असतात, आमच्या सिलॅबसमध्ये पण अगदी हेच म्हणतात. कारण त्यांच्या आत माणसाचा पगार बसलेला असतो. मिसळ टाकणाऱ्या पोऱ्याला मालकाने पंधरा हजार दिले की पुढच्या महिन्यात "मटकी स्वस्त झाली, तू आता तेरा घे" असं म्हणता येत नाही, पोऱ्या दुसऱ्या दिवशी मिरजेच्या हॉटेलात दिसेल. कच्चा माल उतरला तरी पगार उतरत नाही म्हणून भाव उतरत नाही. आणि खरं सांगायचं तर मालकही काही साधू नाही, गिऱ्हाईकाला एकदा शंभराची सवय झाली की तो कशाला नव्वद करेल.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, पण सरकारनं जोर लावून सगळेच भाव खाली आणले तर? मस्तच की!

नाही हो. पूर ओसरला की आपण सुटतो, पण सगळेच भाव ओसरायला लागले की माणूस अडकतो. आयर्विन पूल सुरू झाला ते साल १९२९. त्याच साली न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि जागतिक महामंदी सुरू झाली, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव धडाधड पडले. गव्हाचा भाव १९२८ ते १९३४ मध्ये निम्म्यावर आला. स्वस्ताई! आता ज्याच्या डोक्यावर सावकाराचे शंभर रुपये होते त्याचा विचार करा. कर्ज शंभरच राहिलं, शेतसारा तेवढाच राहिला, ब्रिटिश सरकार साऱ्यात सूट द्यायला तयार नव्हतं, आणि तेवढे पैसे उभे करायला आता दुप्पट गहू विकायला लागायचा. शेवटी लोकांनी घरातलं सोनं काढलं, बायकांच्या अंगावरचे दागिने मोडले, आणि ज्या देशात शतकानुशतकं सोनं येत होतं त्या देशातून सोनं जहाजं भरून बाहेर जायला लागलं. लंडनमध्ये केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाला त्यात जगाची मंदी हटायला मदत दिसत होती. इकडे मंगळसूत्र मोडलं आणि तिकडे मंदी हटली, असं हे जागतिक अर्थशास्त्र. मी हे वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची पोरंपण मोबाईल खाली ठेवतात.

आज तुमच्यावर फ्लॅटचं कर्ज आहे ना? सगळे भाव आणि सगळे पगार २० टक्क्यांनी उतरले तर हप्ता उतरणार नाही, तो ठरलेला आहे. शिवाय भाव उतरतायत म्हटल्यावर गाडी घ्यायची ती लोक पुढच्या वर्षावर ढकलतात, शोरूम ओस, कुपवाडच्या एमआयडीसीत पार्ट बनवणाऱ्याची ऑर्डर बंद, दोन शिफ्टची एक शिफ्ट, पोरांना घरी बसवा, आणि घरी बसलेली पोरं काय खरेदी करणार? म्हणजे भाव अजून उतरतात. मंदीचं चाक असं फिरतं आणि एकदा फिरायला लागलं की थांबवायला लई जड जातं, जपान नव्वदच्या दशकापासून कितीतरी वर्षं झगडत होता. म्हणून रिझर्व्ह बँकेला २०१६ पासून कायद्यानं जे लक्ष्य दिलंय ते शून्य नाही, ४ टक्के आहे, दोन इकडे दोन तिकडे. थोडी महागाई मुद्दाम ठेवलेली आहे. हे ऐकून मंडईत एका आजोबांनी मला अशा नजरेनं बघितलं की मी परत त्या गाड्यावर गेले नाही.

महागाई येते कुठून, तर "नोटा छापल्या म्हणून" हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. अर्धंच बरोबर आहे. पैसा जास्त आणि माल तेवढाच असला की भाव वाढणार, जर्मनीत १९२३ ला आणि झिम्बाब्वेत २००८ ला ते टोकाला गेलेलं सगळ्यांनी ऐकलंय. पण आज बाजारातला बहुतेक पैसा छापखान्यातून येतच नाही, तो बँकेतल्या कर्जातून येतो. बँक तुम्हाला २० लाखांचं कर्ज देते तेव्हा कोणाच्या तरी खात्यात २० लाख जमा झालेले दिसतात, आणि तेवढ्यापुरता अर्थव्यवस्थेत नवा पैसा तयार होतो. आणि नुसता पैसा असून भागत नाही, तो फिरायला लागतो. कोरोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, चलनातल्या नोटा जवळपास १७ टक्क्यांनी वाढल्या होत्या, पण महागाई काही १७ टक्के झाली नाही, कारण लोकांनी नोटा दवाखान्यासाठी म्हणून कपाटात ठेवल्या. एरवी बघा, साखर कारखान्याचं ऊसबिल जमा झालं की आठ दिवसांत तोच पैसा खताच्या दुकानात, तिथून सराफाकडे, तिथून हॉटेलात, एकच रुपया चार ठिकाणी काम करून येतो.

रिझर्व्ह बँक रेपो दर (ज्या व्याजानं ती बँकांना पैसे देते तो) हलवते तो ह्या फिरण्यावर आणि कर्जावर हात ठेवायला, रेपो चढला की बँकांची कर्जंही महागतात. मे २०२० मध्ये ४ टक्के केलेला रेपो, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर नेला. तुमचं २० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी होतं ते नऊ टक्क्यांवर गेलं असेल तर हप्ता १४,९०० चा जवळपास १८,००० होतो. (बऱ्याच बँकांनी हप्ता तोच ठेवून वर्षं वाढवली, ते वेगळंच दुखणं.) महिन्याचे तीन हजार तुमच्या खिशातून गेले म्हणजे तेवढी खरेदी कमी, तेवढा भावांवरचा रेटा कमी. उपाय हा असा आहे, कडू आहे, आणि त्याचा चटका आधी तुम्हालाच बसतो.

पण जुलै २०२३ मध्ये टोमॅटो पेटले, महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली, आणि रिझर्व्ह बँकेनं रेपो हलवला नाही. टीव्हीवर आरडाओरडा. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं, व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाहीत, नवी तोड आली की भाव आपोआप बसतो, आणि बसला. पैशामुळे चढलेला भाव वेगळा आणि पावसामुळे चढलेला भाव वेगळा, दोन्हीवर एकच औषध घातलं तर कारखाने बंद पडतील आणि टोमॅटो आहे तिथंच राहील.

तर मग तक्रार कशाची करायची? भाव उतरत नाहीत याची नाही. आपली मिळकत भावाबरोबर चढत नाही याची करायची. सरकारी नोकराला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, महागाई भत्ता बदलून मिळतो, तो किंमत निर्देशांकालाच बांधलेला आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात कारखान्यांतून रिटायर झालेले किती लोक आहेत ज्यांना ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या योजनेची, पेन्शन मिळते, तिची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ ला १००० रुपये ठरली, आणि तिला महागाई भत्ता नाही. तेव्हाच्या हजाराची आजची ताकद सहाशेच्या आसपास उरलीय. कोणी कापली नाही, कोणी सही केली नाही, गेली. पाव टक्का महागाई आली म्हणून ते चारशे परत येत नाहीत. खाजगीत पण तेच, पगार ३ टक्क्यांनी वाढला आणि महागाई ५ टक्के असली तर तुमचा पगार कापलेला आहे, फक्त मालकाला "वाढ दिली" म्हणायची सोय झाली.

हे सगळं मी ज्या काकूंना सगळ्यात जास्त वेळा समजावलंय, त्या माझ्याच अपार्टमेंटमध्ये राहतात. आमच्या दोघींकडे कामाला येणाऱ्या मावशींनी यंदा महिन्याला दोनशे वाढवून मागितले. संध्याकाळी काकूंचा फोन, "तुम्ही देऊ नका हां, सगळ्या बिल्डिंगचा रेट बिघडतो." मी मावशींना तीन वर्षांचा हिशोब मांडून दाखवला की दोनशेनं भरून निघत नाही, साडेतीनशे मागा, आणि त्यांनी मागितले. काकू सध्या माझ्याशी महागाईवर बोलत नाहीत.