आमची वाटचाल : ताट-वाटी-पेला भाड्याने मिळेल

पुण्याच्या रविवार पेठेत वडिलांनी भाड्याच्या भांड्यांचा धंदा सुरू केला, तेव्हा मुंज असो की बारसं, लोक ताटं आमच्याकडूनच नेत. ते दिवस बरे गेले, त्यावर काय लिहायचं! लिहायचं ते समोरच्या थर्माकोलवाल्याबद्दल.

धुणं नाही, मोजणं नाही, डिपॉझिट नाही. गठ्ठा उचला, जेवा, फेका. ऐन लग्नसराईत आमची ताटं पोत्यांतच पडून राहू लागली. शेवटी मोडवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. सदाशिव पेठेतल्या एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक होते म्हणून तगलो. ‘माझ्याकडची पंगत ताटातच जेवणार,’ म्हणायचे. परतीची वाटी न् वाटी स्वतः मोजायचे. आमचं नाव न कोरलेली एखादी आली, तर ती बाजूला काढून निरोप धाडायचे.

2018च्या मार्चमध्ये सरकारने थर्माकोलच्या प्लेटांवर बंदी आणली. वाटलं, आता आपले दिवस आले. समोरच्याने नुसती पाटी बदलली : ‘पर्यावरणपूरक कागदी प्लेट’. आतून चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा! भाजी माखलेली ती प्लेट ना ओल्या कचऱ्यात जाते, ना रद्दीत. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंना विचारा. आणि पर्यावरणाबद्दल शाल-श्रीफळ मिळालं कोणाला? त्यालाच. असो.

आमची खरेदी मात्र आजही वडिलांच्या शिस्तीत. घरच्यासाठी घेणाऱ्यांनीही ऐकून ठेवा. ताट साधं घ्या, नक्षीचं नको. नक्षीचा साचा बंद झाला की हरवलेल्या चार वाट्यांना जोड मिळत नाही आणि अख्खा संच मोडीत निघतो. साधी वाटी बोहरी आळीत कधीही मिळते. कड पोकळ वळवलेली नको, त्यात खरकटं पाणी मुरतं. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात; गेजचा आकडा मोठा, तितका पत्रा पातळ. 26 पेक्षा 22 बरा. लोहचुंबक चिकटला नाही म्हणजे 304 नंबरचं चांगल्या प्रतीचं स्टील, असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. 202 नंबरच्या स्वस्त स्टीललाही तो सहसा चिकटत नाही.

पेले एकात एक अडकले तर ठोकू नका, पोचे पडतात. आतल्यात गार पाणी ओता, बाहेरचा गरम पाण्यात धरा.

आणि हो, धुणाऱ्या बायकांची मजुरी वेगळी पडते. ते बुकिंगच्या वेळीच बोलून घ्या, मागाहून हुज्जत नको.