लांब पल्ल्याच्या कयाक रेसची तयारी

कयाक म्हणजे पॅडलने वल्हवायची छोटी, अरुंद बोट. तिच्या रेसचं ट्रेनिंग म्हटलं की सगळे आधी दंड आणि खांद्यांबद्दलच विचारतात, पण खरा जोर येतो तो कमरेतून आणि पायांतून. पॅडल पायाच्या बोटांशेजारी पाण्यात घालायचं, त्याच बाजूचा पाय फूटरेस्टवर दाबायचा, धड फिरवायचं आणि पातं कमरेपाशी आलं की लगेच बाहेर, कमरेच्या मागे ओढत राहिलं तर पातं नुसतं पाणी उचलतं आणि बोटीचा वेग मरतो.

बरंचसं पॅडलिंग मी मुद्दाम हळू करते, शेजारच्या बोटीतल्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकंच, मध्ये एखाददुसरं दम काढणारं सेशन. आणि खाणं! तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत, तेही लाटांवर हलत असताना, म्हणजे एका हाताने पॅडल सांभाळत पाकीट दातांनी फाडायचीही प्रॅक्टिस लागतेच.

पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उलटल्यावर परत बोटीत चढणं. शांत पाण्यात जमलं म्हणून थांबू नका, वारा सुटलेला असताना, दमलेलं असताना करून बघा. थंड पाण्यात पहिलं मिनिटभर श्वास ताब्यात आणण्यातच जातं आणि हात साधारण १० मिनिटंच नीट काम देतात. त्यामुळे लाइफ जॅकेट अंगात आणि बोट लीशने, म्हणजे जोडदोरीने, आपल्याशी बांधलेली हवीच हवी, कारण मोकळी सुटलेली बोट वारा इतक्या वेगाने नेतो की पोहून ती गाठताच येत नाही.