सगळ्या गोळ्या घेऊन या

बुधवार, रात्री

बुधवारची दुपार मी सत्तरीपुढच्या पेशंटांसाठी राखून ठेवलीय. एरवी एका माणसाला दहा मिनिटं पुरतात. इथे काठी भिंतीला टेकवून, चष्मा पुसून खुर्चीत बसेपर्यंतच त्यातली दोन-तीन जातात. ती वाया जात नाहीत. दारातून खुर्चीपर्यंत कसे आले, भिंतीला हात लावला का, पाय उचलला की घासत आणला, नाव पुकारल्यावर त्यांनी वळून पाहिलं की सोबतच्या मुलीने, एवढं तोवर कळलेलं असतं. फरशीवर चिकटपट्टीने तीन मीटर आखून ठेवलेत. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, तिथवर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंदांहून जास्त लागले तर हा माणूस पडू शकतो असं धरून पुढचं बोलते. जाडजूड फाईल घेऊन आलेल्यांना हा प्रकार पोरखेळ वाटतो, वाटू दे.

आज एक आजोबा आले. चक्कर येते, रात्री तोल जातो. मुलगा म्हणाला, "आता वयच झालंय ना डॉक्टर." हे वाक्य मला रोज ऐकावं लागतं आणि रोज तितकाच राग येतो. वय तर डाव्या कानाचंही झालंय आणि उजव्याचंही, मग एकानेच कमी ऐकू का येतं? आजोबांना पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घेतलं, मग उभं करून पुन्हा. झोपून वरचं १३८, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत ११२. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तरी ती दखल घेण्याजोगी घट असते. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं. मानेतल्या रक्तवाहिन्यांना ते जाणवून त्या हृदयाला इशारा देतात, पण उतारवयात ही यंत्रणा मंदावते. इथवर मुलाचं म्हणणं खरं. बाकीचं कारण पिशवीत होतं.

अपॉइंटमेंट देतानाच मी सांगते, सगळ्या गोळ्या घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, गोळ्याच. शेजाऱ्याने दिलेल्या, अर्ध्या उरलेल्या, सर्दीच्या, झोपेच्या, ताकदीच्या, सगळ्या. पिशवी टेबलावर रिकामी केली की ती कोणत्या क्रमाने भरत गेली ते दिसायला लागतं. आजोबांना बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झाली. तिच्याने घोट्यांना सूज आली. या सुजेत शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्या सैलावून त्यातून द्रव बाहेर झिरपतो. पण सूज दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिली आणि लघवीची गोळी दिली. मग रात्री चारदा उठणं आलं. ते प्रोस्टेटमुळे असेल म्हणून तिसऱ्या ठिकाणी टॅमसुलोसिन मिळाली, जी स्वतःच बीपी उतरवते. मग चक्कर, आणि चक्करेसाठी आणखी एक गोळी. प्रत्येक चिठ्ठी वेगळी वाचली तर कोणाचंच चुकलेलं नाही. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देण्याच्या या साखळीबद्दल पॉला रोशों आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये लिहून ठेवलंय. साखळी दिसली की शेवटच्या कडीशी झटापट करण्यात अर्थ नसतो, पहिली सोडवायची. अम्लोडिपिनच्या जागी दुसरी गोळी सुचवून तिन्ही डॉक्टरांना एकच चिठ्ठी लिहिली. एका वेळी एकच बदल. दोन केले की गुण कशाने आला ते कळत नाही.

पिशवीत सर्दीची गोळीही निघाली, क्लोरफेनिरामिनवाली. तरुणाला तिच्याने फार तर झोप येते. म्हातारपणी लघवी अडते, बद्धकोष्ठ होतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागायला लागतो आणि घरचे विस्मृतीच्या आजाराची चौकशी करत येतात. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची पहिली यादी मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये केली. आता अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटी ती अधूनमधून सुधारते, २०२३ ची आवृत्ती माझ्या खणात असते. या जातीच्या औषधांना तिथे ठळक जागा आहे.

विस्मृतीवरून आठवलं. एका आजींना "काहीच लक्षात राहत नाही" म्हणून आणलं होतं. आधी कानात पाहिलं, दोन्हीकडे मळ घट्ट बसलेला. तो काढून मग तीन शब्द लक्षात ठेवायला दिले आणि घड्याळ काढायला सांगितलं. घड्याळ नीट काढलं, तिन्ही शब्द सांगितले, वर मुलाकडे असं पाहिलं की मीच खाली मान घातली. दरवेळी इतकं सोपं नसतं. थायरॉइड, बी-१२ (मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर विशेष) आणि नैराश्य तपासल्याशिवाय मात्र मी विस्मृतीचं नाव काढत नाही.

उलट टोकाचा पेशंट शेवटी आला. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी, वजन ४५ किलो. मुलीने अभिमानाने रिपोर्ट पुढे केला, एचबीए१सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेचा सरासरी अंदाज, ६.४. चाळिशीतल्या माणसाची पाठ थोपटली असती. पण आजी साखर उतरवणारी ग्लिबेनक्लामाइड घेतात, जेवण चिमणीएवढं आणि पहाटे घाम सुटतो. क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा, किडनी बाहेर टाकते तो घटक) १.०, लॅबच्या कागदावर नॉर्मल. स्नायूच उरले नसतील तर क्रिएटिनिन तयार कुठून होणार? वय-वजन धरून हिशेब केला, किडनीचं काम मिनिटाला जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे गोळी शरीरात रेंगाळते आणि साखर रात्री पाडते. ती बंद केली. इतक्या वयाच्या, अशक्त माणसाला एचबीए१सी ८ च्या आत पुष्कळ झालं.

गोळ्या काढणारी डॉक्टर अशी माझी ख्याती होऊ लागलीय, ती अर्धवट आहे. ऐंशीपुढच्यांना बीपीचं औषध देऊन काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांना मी २००८ चा हायव्हेट अभ्यास सांगते. त्यात उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि हार्ट फेल्युअर दोन्ही कमी झाले. आणि हृदयविकार कधीच न झालेला सत्तरीपुढचा माणूस 'खबरदारी म्हणून' ॲस्पिरिन घेत असेल तर २०१८ चा ॲस्प्री अभ्यास सांगते: फायदा नाही, रक्तस्राव मात्र जास्त. (स्टेंट असलेल्यांनी हे वाचून गोळी थांबवू नये, त्यांचा हिशेब वेगळा.) लशींचं फार बोलत नाही. फ्लू, न्यूमोकोकल, नागीण, एवढं विचारते आणि देते.

एक मात्र हट्टाने करते. सोबतच्या माणसाला थोडा वेळ बाहेर बसवते. पडलेलं, कपड्यात लघवी झालेली, रात्रीची भीती हे मुलांसमोर कुणी बोलत नाही. पडल्याचं कळलं तर बाहेर जाणं बंद होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मग मी विचारते, असं काय आहे जे तुम्हाला करायचंय आणि आता होत नाही? आजोबा म्हणाले, "कुणाचा हात न धरता जिना चढायचाय." रक्ततपासणीच्या कुठल्याही रकान्यात हे येत नाही, पण आज मला त्यावरूनच ठरवता आलं: मांड्यांचा व्यायाम, फिजिओथेरपिस्ट आणि बीपीचं लक्ष्य जरा सैल.

नऊ वाजता आजींच्या मुलीचा फोन. "जेवणानंतर १७२ आलीय, चालेल?" चालेल म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. आकडा खाली आणल्याबद्दल आम्हीच तिची इतकी वर्षं पाठ थोपटलेली, ती तरी काय करणार. थरथर, घाम किंवा गोंधळ दिसला तर आधी साखर मोजायची, ७० च्या खाली असेल किंवा मोजता येत नसेल तर लगेच साखरपाणी द्यायचं आणि मला उठवायचं, असं लिहून पाठवलं. गोळी बंद केली तरी तिचा अंमल एवढ्यात उतरत नाही, म्हणून पहाटे एकदा तपासायलाही सांगितलंय.